परसातील कुक्कुटपालनात नव्या कोंबड्याचा समावेश : आनुवंशिकता, आरोग्य व वर्तन यांचा विचार

सारांश : ग्रामीण महाराष्ट्रातील परसात पाळल्या जाणाऱ्या लहान कळपांत कोंबड्यांची निवड काळजीपूर्वक केली जाते; नराची निवड मात्र बहुधा योगायोगावर सोडली जाते. वास्तविक पुढील पिढीचा निम्मा वारसा एकट्या नराकडून येतो. बाहेरून आणलेला नर वारशाबरोबर रोग व कलहही आणू शकतो. या तिन्ही बाबींना स्वतंत्र कालावधी द्यावा लागतो. तो दिल्यास नव्या नराचा लाभ मिळतो. घाई केल्यास असलेला कळपही धोक्यात येतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे शास्त्रीय आधार व व्यवहारातील पायऱ्या यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : परसातील कुक्कुटपालन, तरणा कोंबडा, अंतःप्रजनन, विलगीकरण, चोच-क्रम.

१. प्रस्तावना

पुणे शहर हे महाराष्ट्रातील कुक्कुटविकासाचे प्रशासकीय केंद्र आहे. पशुसंवर्धन आयुक्तालय औंध येथे आहे. लस तयार करणारी पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आणि रोग अन्वेषण विभागही औंध येथेच आहेत. राज्यातील चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांपैकी एक खडकी येथे आहे. उर्वरित तीन कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे आहेत. याच शहरातील सदाशिव पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि परस ही गोष्टच नाहीशी झाली. तेथील नागरिकाचा कोंबडीशी संबंध आला तर तो अंड्यांच्या खरेदीपुरता येतो. ज्या अंड्याला तो ‘गावरान’ म्हणून अधिक किंमत देतो, ते मुळशी, भोर, जुन्नर अशा तालुक्यांतील एखाद्या घराच्या परसातून येते. त्या परसाचे अर्थकारण बहुतेक वेळा घरातील स्त्रीच्या हाती असते. अंडी व पक्षी विकून येणारी रक्कम लहान असली, तरी ती तिच्या स्वतःच्या निर्णयाने खर्च होते. म्हणूनच कळप क्षीण होणे अथवा एका आठवड्यात नष्ट होणे ही तिच्या दृष्टीने मोठी हानी ठरते.

परसातील कुक्कुटपालन हा मागे पडत चाललेला व्यवसाय आहे, असा एक समज आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेची आकडेवारी त्यास पुष्टी देत नाही. त्या गणनेनुसार देशातील एकूण ८५.१८ कोटी कुक्कुटपक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसात होते आणि २०१२ च्या तुलनेत ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. या लहान कळपांतील नराच्या प्रश्नाकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते.

प्रारंभी एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोंबडी अंडी देते, त्यासाठी नराची गरज नसते. केवळ खाण्याची अंडी विकणाऱ्याने कोंबडा पाळला नाही तरी अंड्यांची संख्या घटत नाही. उलट उन्हाळ्यात फलित अंड्यांतील गर्भ उष्णतेने वाढू लागतो व अशी अंडी लवकर खराब होतात. ज्या घरात पुढची पिढी परसातच तयार करावयाची आहे, त्या घराला नर हवा. पुढील विवेचन अशा घरांसंबंधी आहे.

२. नर बदलण्याची गरज

परसातील कळपात साधारणतः आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. पुरतो म्हणून एकच नर ठेवला जातो आणि त्याच्याच पिल्लांपैकी एक नर पुढे वापरला जातो. अशा रीतीने बाप-लेक, भाऊ-बहीण यांचा संकर काही पिढ्या चालत राहतो. बाप-लेक अथवा सख्खे भाऊ-बहीण यांच्या संकरातून जन्मलेल्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के असतो. याचे परिणाम अचानक दिसत नाहीत. अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण हळूहळू कमी होते, पहिल्या काही आठवड्यांतील मरतूक वाढते, वाढ खुंटते आणि अंडी घटतात. पालक त्याचे कारण हवामानात किंवा खाद्यात शोधतो.

हा ऱ्हास किती वेगाने होतो, याचा अंदाज अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून करता येतो. नरांची व माद्यांची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला दोहोंच्या बेरजेने भागले असता कळपाची ‘परिणामी संख्या’ मिळते. त्या संख्येच्या दुपटीने एकास भागले असता दर पिढीतील अंतःप्रजनन-वाढीचा दर कळतो. एक नर व दहा माद्या असल्यास हा दर सुमारे १३.८ टक्के येतो. माद्या दुप्पट करून वीस केल्या तरी तो १३.१ टक्के राहतो. परंतु माद्या दहाच ठेवून नर एकाऐवजी दोन केले, तर तो ७.५ टक्क्यांवर येतो. म्हणजे दहा कोंबड्या नव्याने विकत घेऊन जे साधत नाही, ते एका जादा कोंबड्याने साधते. अर्थात हे दोन नर परस्परांचे भाऊ नसावेत, ही अट त्यात गृहीत आहे.

महाराष्ट्रातील एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ मादी तलंगा व ३ नर अशा गटाच्या वाटपाची रचना करण्यात आली होती. तलंग म्हणजे अंड्यावर येण्यापूर्वीच्या वयाची कोंबडी. वरील सूत्रानुसार या गटातील दर सुमारे ४.७ टक्के येतो. पण घरात कोंबडा हाच प्रथम विकला वा कापला जाणारा पक्षी असतो. यात्रा, नवस, पाहुणा यांपैकी कोणतेही निमित्त त्यास पुरते. तीनपैकी दोन नर असे गेले, की त्याच २५ माद्यांच्या कळपाचा दर १३ टक्क्यांवर जातो. कोंबड्यांची संख्या कायम असल्याने कळप जसाच्या तसा दिसतो. त्याची आनुवंशिक रुंदी मात्र एक तृतीयांशावर आलेली असते.

३. कोणता नर आणावा

सुधारित जातीचा नर आणला की कळप सुधारतो, ही समजूत जुनी आहे. स्वातंत्र्योत्तर काळात ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट लेगहॉर्न, ऑस्ट्रेलॉर्प अशा जातींचे नर खेड्यांत देऊन देशी कळपांची प्रतवारी वाढविण्याचे प्रयत्न झाले. त्यामागील गणित सोपे होते. पहिल्या पिढीत नव्या जातीचा वारसा ५० टक्के, तसाच नर पुन्हा वापरल्यास दुसऱ्या पिढीत ७५ टक्के आणि तिसऱ्या पिढीत ८७.५ टक्के होतो. देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. त्यामुळे संकरित पिढीतील वाढ ठळकपणे दिसते.

परंतु अंड्यांची संख्या हा एकच गुण परसात उपयोगी नसतो. देशी कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवणीस बसते. व्यापारी दृष्टीने हा दोष आहे. परसात तोच आधार आहे, कारण तेथे दुसरे उबवणी यंत्र नसते. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत निवडीने ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी करण्यात आली आहे. अशा नराचा वारसा वाढत गेला, तर अंडी अधिक मिळतात. पण त्यांवर बसणारी कोंबडी मिळेनाशी होते व घर पिल्लांसाठी उबवणी केंद्रावर अवलंबून राहते. वजनदार जातींबाबत दुसरी अडचण येते. मुंगूस, घार व कुत्रा यांपासून उडून सुटका करून घेणे जड पक्ष्याला कठीण जाते.

गिरिराजा ही बंगळूर येथे, तर वनराजा व ग्रामप्रिया या हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेत विकसित झालेल्या आहेत. हे पक्षी ठरावीक वाणांच्या संकरातून तयार केले जातात. त्यांचे आपापसांतील संकर करून पिढ्या काढत गेल्यास पहिल्या पिढीचा एकसारखेपणा व उत्पादन टिकत नाही. अशा नराचा देशी कोंबड्यांशी एकदा संकर करून मांसासाठी वा अंड्यांसाठी पिल्ले मिळविणे योग्य आहे. पण त्या पिल्लांतून पुढचा पैदाशीचा नर निवडणे योग्य नाही. ज्यांना खुडूक होणारी, काटक कोंबडी टिकवावयाची आहे, त्यांनी दुसऱ्या गावातील, नात्यात नसलेल्या देशी कळपातील नर घ्यावा. म्हणजे नराची निवड करण्यापूर्वी अंडी, मांस की टिकाऊ कळप, यांपैकी काय हवे हे ठरविले पाहिजे.

बाहेरील नराने कळपाचा वारसा बदलणे ही कुक्कुटांच्या इतिहासात नवी घटना नाही. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा हा आहे. परंतु अनेक पाळीव जातींमधील पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आले. सह्याद्रीच्या जंगलात आजही आढळतो, तोच हा राखी रानकोंबडा होय.

निवडीच्या वेळी नर सात-आठ महिन्यांचा, ताठ चालणारा, डोळे स्वच्छ, तुरा लाल व पाय सरळ असलेला पाहावा. पाच-सहा महिन्यांचा तरणा कोंबडा आरवू लागला तरी त्याची फलनक्षमता पूर्ण विकसित झालेली असतेच असे नाही. आठवडी बाजारातील पक्ष्याचे मूळ गाव, वय व लसीकरण कळत नाही. म्हणून शक्यतो माहितीच्या घरातून किंवा शासकीय केंद्रातून नर घेणे श्रेयस्कर ठरते.

४. रोगाचा प्रश्न व विलगीकरण

परसातील कळप एकाएकी नष्ट होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे राणीखेत अर्थात मानमोडी. आजाराची लक्षणे दिसण्यापूर्वीच पक्षी विषाणू पसरवू लागतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत या रोगाचा अधिशयन काळ २१ दिवसांचा धरला आहे. बाजारातून आणलेला, वरकरणी निरोगी कोंबडा त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडला, तर एका नरासाठी सगळा कळप पणाला लागतो.

काही रोगांत लक्षणे कधीच ठळक होत नाहीत. दीर्घकालीन श्वसनरोग व संसर्गजन्य सर्दी यांतून बरा झालेला पक्षी पुढेही रोगवाहक राहू शकतो. पुलोरम हा जिवाणूजन्य रोग तर अंड्यातून पिल्लांत उतरतो. त्यासाठी रक्ताच्या थेंबावर करावयाची तपासणी उपलब्ध आहे. पैदाशीसाठी नर घेताना पशुवैद्यकाकडे तिची चौकशी करावी.

महाराष्ट्राला या विषयाचे गांभीर्य २००६ मध्ये तीव्रतेने जाणवले. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कुक्कुटपक्ष्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक निश्चित झाला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील गावांतही रोग आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे पुन्हा उद्रेक झाला. अशा प्रसंगी बाधित क्षेत्रातील परसातील पक्षीही नष्ट करावे लागतात. उद्रेकाच्या काळात, किंवा आसपास अनैसर्गिक मरतूक ऐकू येत असताना, नवा पक्षी मुळीच आणू नये व मरतुकीची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी.

नेहमीच्या परिस्थितीत नव्या नराचे ३० दिवस विलगीकरण करावे. त्याचे डालगे किंवा खुराडे कळपापासून शक्य तितके दूर व वाऱ्याच्या उलट बाजूस असावे. खाद्याचे व पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे. रोज आधी आपल्या कळपाचे काम उरकावे व नंतर नव्या पक्ष्याकडे जावे. हात व पादत्राणे धुतल्याखेरीज परत फिरू नये. पहिल्याच दिवशी पिसांच्या मुळाशी उवा व पायांवर खरूज आहे काय, हे पाहावे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. राणीखेतची लस दिल्याची खात्री नसल्यास ती याच काळात द्यावी. आपल्या कळपाचे लसीकरणही पूर्ण असावे, कारण नव्या नरालाही जुन्या कळपातील रोगाची बाधा होऊ शकते. शेवटच्या आठवड्यात आपल्या कळपातील एक साधारण कोंबडी त्याच्यासोबत ठेवण्याची पद्धत उपयुक्त आहे. सुप्त रोग असल्यास तो त्या एका पक्ष्यात प्रकट होतो व उरलेला कळप वाचतो.

५. चोच-क्रम व कलह

कोंबड्यांच्या कळपात प्रत्येक पक्ष्याचे स्थान ठरलेले असते. नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ मध्ये या व्यवस्थेचे वर्णन केले. कोणी कोणास टोचावे, कोणी आधी खावे हे एकदा ठरले की कळपात शांतता राहते. नरांचा क्रम व माद्यांचा क्रम बहुतांशी स्वतंत्र असतो. नवा पक्षी आल्याने ही व्यवस्था मोडते व नव्याने मांडावी लागते. कळपातील मारामारी हा स्वभावदोष नसून स्थान ठरविण्याची क्रिया आहे. पालकाचे काम ती थांबविण्याचे नसून तिची तीव्रता कमी करण्याचे आहे.

जुना प्रौढ नर असताना नवा नर थेट सोडणे सर्वांत धोक्याचे असते. पायामागील काट्याने डोळा जाणे वा खोल जखम होणे संभवते. रक्त दिसले की इतर पक्षीही तेथेच टोचतात. जुना नर बदलावयाचा असल्यास तो आधी काढावा. दोन नर ठेवावयाचे असल्यास माद्यांची संख्या त्या प्रमाणात असावी आणि जागा मोकळी असावी. शक्य असल्यास दोघांना माद्यांचे वेगळे गट द्यावेत. कोवळ्या नराबाबत उलट प्रश्न येतो. पाच महिन्यांच्या नराला वयस्क कोंबड्याच हुसकावून लावतात व तो खाद्याजवळ येऊ शकत नाही. प्रौढ होईपर्यंत थांबणे हाच त्यावर उपाय आहे.

विलगीकरण संपल्यावर नराला सात ते दहा दिवस कळपाशेजारी जाळीआड ठेवावे. पक्षी परस्परांना पाहतात, आरवणे ऐकतात. पण इजा करू शकत नाहीत. त्यानंतर अंधार पडल्यावर, कळप बसता झाल्यानंतर, त्याला दांडीवर इतरांजवळ ठेवावे. सकाळी खुराडे उघडताच सर्वांना परसात सोडावे. बंद जागेत पळण्यास वाव नसतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्यांना कोंडून ठेवू नये. खाद्य व पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे आणि मधे पेंढी, टोपली, फांद्या असा आडोसा करावा. थोडी टोचाटोची चालू द्यावी. नर सतत कोपऱ्यात बसत असेल, खात नसेल किंवा रक्त आले असेल, तर त्याला पुन्हा जाळीआड न्यावे व काही दिवसांनी प्रयत्न करावा.

६. कालगणना

नवा नर कळपात रुळला तरी दुसऱ्या दिवशीची अंडी त्याचीच असतात, असे नाही. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रजंतू साठविणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. त्यांमुळे एका समागमानंतर दोन ते तीन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. म्हणून जुना नर काढल्यानंतर तीन आठवड्यांनी जमा केलेली अंडीच उबवणीस बसवावीत. तसे न केल्यास पिल्लांत जुन्या नराचा वारसा मिसळतो व नर बदलण्याचा हेतू विफल होतो.

विलगीकरणाचे ३० दिवस, जाळीआडचे १० दिवस व नंतरचे २१ दिवस मिळून सुमारे ६१ दिवस होतात. महाराष्ट्रात पावसाळा ओसरल्यानंतरचा थंड काळ पिल्ले काढण्यास अनुकूल असतो. पावसाळ्यातील ओल व रक्ती हगवण आणि उन्हाळ्यातील उष्मा हे दोन्ही त्या काळात टळतात. नोव्हेंबरच्या आरंभी अंडी बसवावयाची असतील, तर नर सप्टेंबरच्या आरंभी घरी यावयास हवा. हा काळ श्रावण सरण्याच्या सुमाराचा असतो. श्रावणात मांसाची मागणी घटलेली असल्याने चांगला नर निवडून घेण्यास वाव मिळतो. श्रावण संपताच तोच नर कापला जाण्याची शक्यता वाढते.

नर उपयुक्त ठरला की नाही, याची परीक्षाही सोपी आहे. बसविलेली अंडी सातव्या दिवशी अंधारात विजेरीसमोर धरावीत. फलित अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. अफलित अंडे स्वच्छ दिसते. बारापैकी निम्म्याहून अधिक अंडी स्वच्छ निघाल्यास नराचे आरोग्य, त्याचे वय व माद्यांनी त्याला स्वीकारले आहे काय, हे तपासावे. असा नर पोसत राहण्यापेक्षा बदलणे हिताचे असते.

७. गावपातळीवरील व्यवस्था

दरवर्षी नवा नर विकत घेणे प्रत्येक घराला शक्य नसते. तीन-चार घरांनी मिळून ठरविल्यास त्याची गरजही राहत नाही. पहिल्या घरातील तरणा नर दुसऱ्या घरी, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे व शेवटच्याचा पहिल्याकडे, असा फेरा दरवर्षी एकाच दिशेने चालवावा. माद्या आपापल्या घरीच राहतात. यामुळे कोणत्याही घरात बाप-लेक वा भाऊ-बहीण असा संकर होत नाही. स्थानिक जातींच्या संवर्धनात वापरली जाणारी ही पद्धत महिला बचत गटांना सहज राबविता येण्यासारखी आहे. घरे एकाच वस्तीत असली तरी नराचे विलगीकरण मात्र टाळू नये.

याहून कमी जोखमीचा मार्ग म्हणजे नराऐवजी उबवणीची अंडी आणणे. दुसऱ्या गावातील निरोगी कळपाची, आठवड्याच्या आतील आठ-दहा अंडी आपल्याच खुडूक कोंबडीखाली ठेवली, की २१ दिवसांनी पिल्ले निघतात व त्यांत साधारण निम्मे नर असतात. पुलोरमसारखे अंड्यातून येणारे रोग सोडल्यास इतर रोगांचा धोका पुष्कळ कमी होतो. ही पिल्ले कळपातच वाढत असल्याने कलहाचा प्रश्नही सौम्य राहतो. केवळ सात-आठ महिने थांबावे लागते. ज्या घराला ही प्रतीक्षा परवडते, त्याने हाच मार्ग स्वीकारावा.

८. समारोप

परसातील कळपात नवा कोंबडा आणणे ही आठवडी बाजारातील एका खरेदीने पूर्ण होणारी गोष्ट नाही. नर टाळला तर कळप आतून क्षीण होतो. घाईने आणला तर बाहेरून आलेल्या रोगाने संपू शकतो. या दोन्ही हानी टाळण्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे : एक वेगळे डालगे, थोडी जाळी, लसीची मात्रा आणि दोन महिन्यांचा धीर. शासकीय योजनांतून पक्ष्यांचे वाटप होत असताना नरांची संख्या टिकविणे, त्यांचे विलगीकरण करणे व त्यांची अदलाबदल करणे यांविषयीचे मार्गदर्शनही लाभार्थी स्त्रियांपर्यंत पोहोचले पाहिजे. दिलेल्या २५ तलंगांचे मोल पुढील पिढ्यांत टिकणार की नाही, हे त्यांच्यासोबत दिलेल्या तीन नरांचे पुढे काय होते यावर अवलंबून असते.